मागे उरलेल्या शिक्षिका

1887 साली ॲनी लायन हाउ नावाच्या पस्तिशीतल्या अमेरिकन शिक्षिका जपानला पोचल्या आणि 1927 मध्ये त्यांनी तो देश सोडला. या चाळीस वर्षांतली मधली रजा वगळली, तर त्यांचा उरलेला सगळा काळ कोबे या बंदराच्या शहरात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गेला. परदेशात काम केलेल्या अशा शिक्षिकेविषयी लिहिताना आपण सहसा दोन ठरलेल्या वाटा धरतो. एका वाटेने ती त्यागमूर्ती होते, दुसऱ्या वाटेने परकी संस्कृती लादणारी. दोन्ही वाटांवर आपले लक्ष त्या बाईंवरच खिळून राहते आणि त्यांच्या कामाचे पुढे काय झाले हा प्रश्न मागे पडतो. माझ्या मते परदेशी बालशिक्षिकेचे काम मोजण्याचे खरे माप एकच आहे: तिने त्या देशातल्या किती शिक्षिका घडवल्या, आणि त्या शिक्षिकांना तिची पद्धत बदलण्याइतके बळ मिळाले का? जपानमधल्या बालशाळांचा पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास या मापाने वाचला, तर ॲनी हाउ यांचे मोठेपणही नीट कळते आणि त्याची मर्यादाही.

मुळात बालशिक्षिकेचा पेशा जन्मल्याबरोबर देशोदेशी गेला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. लहान मूल खेळातून शिकते आणि त्या खेळाला जाणत्या स्त्रीची सोबत लागते, हे त्यांचे सांगणे. त्यासाठी त्यांनी तरुण स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. पण 1848च्या क्रांतीनंतर प्रशियाच्या सरकारला या शाळांतही नास्तिकपणा आणि समाजवाद दिसू लागला. 1851 मध्ये तिथे किंडरगार्टनवर बंदी आली आणि ती 1860 मध्ये उठली. फ्रोबेल 1852 मध्येच वारले, बंदी उठलेली त्यांना पाहता आली नाही. या सगळ्या काळात त्यांची पद्धत जगली ती देशाबाहेर पडलेल्या स्त्रियांमुळे. बर्था रोंगे यांनी लंडनमध्ये बालशाळा चालवली. त्यांची बहीण मार्गारेटे शुर्झ यांनी 1856 मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावी जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. मार्गारेटे यांची भेट झाल्यावर एलिझाबेथ पीबडी यांनी 1860 मध्ये बॉस्टनला इंग्रजी भाषेतली बालशाळा काढली. परदेशी शिक्षिकेकडून स्थानिक शिक्षिकेकडे काम जाण्याची ही रीत तेव्हापासूनची आहे.

ही पद्धत वर्गात कशी दिसे हे जरा जवळून पाहू. फ्रोबेलने मुलांसाठी खेळण्यांची क्रमवार मालिका तयार केली होती. पहिल्या संचात दोरी लावलेले लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि दंडगोल, तिसऱ्यात आठ लहान ठोकळ्यांत कापलेला एक घन. हा तिसरा संच मुलाने कसा उघडायचा हेसुद्धा ठरलेले होते. पेटी मेजावर पालथी ठेवायची, झाकण सरकवून काढायचे आणि मग पेटी अलगद वर उचलायची, म्हणजे मुलासमोर घन अख्खा उभा राहतो. त्यातून घर, खुर्ची, पायऱ्या काय हवे ते करावे, पण खेळ संपल्यावर पुन्हा अख्खा घन जुळवून तो पेटीत जायला हवा. पूर्णातून भाग आणि भागांतून पूर्ण, हे तत्त्व मुलाच्या बोटांना कळावे अशी ही योजना. ती सुंदर होती, तशीच काटेकोरही. शिक्षिकेला तिच्यामागचा विचार कळला असेल तर त्या पेटीतून मुलाला पुष्कळ मिळे. तो कळला नसेल, तर उरे ती फक्त पेटी उघडण्या-मिटण्याची कवायत.

जपानमध्ये ही पेटी सरकारने मागवली. मेजी काळातल्या सुधारणांचा भाग म्हणून 16 नोव्हेंबर 1876 रोजी तोक्योच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयाला जोडून पहिली सरकारी बालशाळा उघडली. तिथल्या मुख्य शिक्षिका होत्या क्लारा मात्सुनो. त्या जर्मनीत जन्मलेल्या. तिकडे वनशास्त्र शिकायला गेलेल्या जपानी गृहस्थाशी लग्न करून त्या जपानला आल्या होत्या. त्यांना जपानी येत नव्हते. त्या इंग्रजीतून सांगत आणि शाळेचे प्रमुख सेकी शिन्झो ते जपानीत समजावत. ऐकणाऱ्यांत तोयोदा फुयू आणि कोन्दो हामा या पहिल्या जपानी बालशिक्षिका होत्या. इतक्या अडचणीतूनही काम पुढे गेले याचे कारण शाळेने 1878 मध्ये बालशिक्षिकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. 1879 मध्ये तोयोदा फुयू थेट दक्षिणेकडच्या कागोशिमाला गेल्या आणि तिथली बालशाळा त्यांनी उभी केली. मुलांसाठी जर्मन गाणी होती, पण ती जपानी मुलांच्या तोंडी बसेनात. मग शाळेने राजदरबारच्या गायक-वादकांना गाठले आणि त्यांनी जुन्या दरबारी संगीताच्या वळणाने नवी बालगीते रचली. म्हणजे परदेशी बाई शिकवत असतानाच बदलाला सुरुवात झाली होती, आणि तो बदल करणारे हात जपानी होते.

ॲनी हाउ आल्या त्या दहा-अकरा वर्षांनी, आणि सरकारच्या नव्हे तर ख्रिस्ती मिशनच्या वतीने. शिकागोत त्यांचे फ्रोबेल पद्धतीचे शिक्षण झाले होते. कोबेच्या चर्चमधल्या जपानी स्त्रियांना आपल्या गावात बालशाळा हवी होती आणि त्यांनी हाउबाईंना गळ घातली. अशा वेळी एखाद्या खोलीत वीस-पंचवीस मुले बसवून शाळा सुरू करणे सोपे होते. पण हाउबाईंनी दोनएक वर्षे भाषा शिकण्यात आणि तयारीत घातली. 1889 मध्ये त्यांनी शोएई बालशाळा उघडली ती शिक्षिकांच्या प्रशिक्षणशाळेसकट. हा निर्णय त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा कणा आहे. नंतर त्यांनी बालशाळेसाठी गाण्यांचे पुस्तक काढले आणि फ्रोबेलचे आईसाठी लिहिलेले गीतांचे पुस्तक जपानीत आणले, कारण शिकाऊ मुलींना मूळ विचार स्वतः वाचता यावा, बाईंच्या तोंडूनच ऐकावा लागू नये. 1906 मध्ये मिशनच्या बालशिक्षिकांचा संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या. क्लारा मात्सुनो आणि ॲनी हाउ यांच्यात हाच मोठा फरक. एकीची विद्या दुभाष्याच्या वाटेने पोचली, दुसरीने ती वाट ओलांडून विद्यार्थिनींची भाषा गाठली.

यावर पहिला आक्षेप येतो तो धर्माचा. हाउबाई मिशनरी होत्या, मुलांना ख्रिस्ती वळण लावणे हा त्यांच्या कामाचा उघड हेतू होता, मग त्यांच्या शिक्षणकार्याचे कौतुक कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तीन वर्षांचे मूल बाईंचे म्हणणे तपासून घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासमोर धर्मप्रसार करणाऱ्याची जबाबदारी अधिक असते. त्यांचा हेतू काय होता हे स्वच्छ सांगितलेच पाहिजे. पण हेतू आणि परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. जपान काही कोणाची वसाहत नव्हता. मिशनच्या शाळांना तिथल्या सरकारचे नियम पाळावे लागत, आणि 1899 मध्ये मान्यताप्राप्त शाळांत धर्मशिक्षण देण्याला सरकारने मनाई केली. पालकांना शाळा निवडण्याची मोकळीक होती. ख्रिस्ती न होणाऱ्या घरांतली मुलेही या बालशाळांत येत, कारण आईवडिलांना तिथली शिक्षिका शिकलेली आणि मायाळू वाटे. जपान ख्रिस्ती झाला नाही, पण लहान मुलांना शिकवायला वेगळे शिक्षण लागते हा विचार मात्र त्या समाजाने पक्का उचलला. मिशनच्या मापाने हे अपुरे यश असेल. मुलांच्या मापाने ते मोठे आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. पद्धत बदलण्यालाच यश म्हणायचे असेल, तर मूळ विचाराची मोडतोडही यशात जमा होईल. या आक्षेपाचे उत्तर तोक्योच्या त्याच पहिल्या सरकारी बालशाळेत मिळते. 1917 मध्ये तिथे कुराहाशी सोझो प्रमुख म्हणून आले. त्यांनी फ्रोबेलच्या त्या काटेकोर पेट्या रिकाम्या केल्या, सगळे संच एकत्र करून ठोकळे बांबूच्या टोपलीत ओतले आणि मुलांना म्हटले, खेळा. अख्खा घन जुळवून पेटीत ठेवण्याची शिस्त गेली. पण मूल खेळातून शिकते ही फ्रोबेलची मूळ श्रद्धा त्या टोपलीत पेटीपेक्षा जास्त शाबूत होती. कागदाच्या घड्यांचेही असेच. फ्रोबेलने घड्यांमधून भूमिती शिकवायचे योजले होते, जपानकडे घड्यांची स्वतःची जुनी कला होती. बालशाळेत दोन्ही एकमेकींत मिसळल्या आणि आज आपण ज्याला ओरिगामी म्हणतो त्यात हा संगम आहे. मोडतोड आणि बदल यांतला फरक इथे दिसतो. विचार समजलेला माणूस साधन बदलतो तेव्हा तो बदल असतो. विचार न समजता साधन तेवढे मिरवले, तर ते जसेच्या तसे ठेवूनही मोडतोडच होते.

अर्थात स्थानिक माणसांनी केला म्हणून प्रत्येक बदल चांगला ठरत नाही. पुढे युद्धाच्या काळात जपानी बालशाळांतही राष्ट्रभक्तीची कवायत शिरली, आणि ती कोणा परक्याने आणलेली नव्हती. म्हणूनच बदल कोणी केला यासोबत तो कोणाच्या निर्णयाने झाला हेही पाहायला हवे. वरून आलेल्या हुकमाने वर्ग बदलणे वेगळे, आणि रोज मुलांसोबत असणाऱ्या जाणत्या शिक्षिकेने त्यांना पाहून तो बदलणे वेगळे. माझा भर या दुसऱ्या बदलावर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. सुरुवातीच्या या बालशाळा मुख्यतः सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या होत्या. फी, चांगले कपडे, मुलाला न्यायला-आणायला घरचे माणूस, हे कामकरी कुटुंबांना कुठून परवडणार? हे खरे आहे आणि परदेशी शिक्षिकांच्या कामाची मर्यादा इथेच आहे. पण ही मर्यादा कोणी ओलांडली ते पाहा. नोगुची युका तोक्योच्या त्याच अध्यापिका विद्यालयात शिकलेल्या, तर मोरिशिमा मिने कॅलिफोर्नियात जाऊन बालशिक्षण शिकून आलेल्या. दोघी उमराव घराण्यांतल्या मुलांच्या बालशाळेत नोकरीला होत्या. शाळेत जाता-येता रस्त्यावरची गरिबांची पोरे त्यांना दिसत. 1900 मध्ये त्यांनी त्या पोरांसाठी फुताबा ही बालशाळा काढली आणि पुढे ती सामेगाहाशी या तोक्योतल्या अत्यंत गरीब वस्तीत नेली. आया दिवसभर मजुरीला जात, म्हणून तिथे मुलांना सांभाळण्याचे तासही वाढवले गेले. 1916 मध्ये त्यांनी संस्थेचे नाव बदलून ती उघडपणे पाळणाघर केली. पाहुणी शिक्षिका ज्या दारापर्यंत पोचली नाही, तिथे तिची विद्या शिकलेल्या घरच्या शिक्षिका पोचल्या. विरजण बाहेरून आणावे लागते ते पहिल्यांदाच, त्यानंतर रोजचे दही घरच्याच विरजणावर लागते.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी 1939 मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला प्रशिक्षणवर्ग घ्यायला आल्या. इटली युद्धात उतरल्यावर त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या, त्यांच्या मुलाला काही काळ अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले, आणि छोट्या मुक्कामासाठी आलेल्या बाई 1946 पर्यंत इथे राहिल्या. त्या काळात भारतातल्या शेकडो शिक्षकांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले, त्याचे मोल मोठे आहे. पण त्यांच्या आधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्यांचा विचार आत्मसात करून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ताराबाईंनी ओळखले. 1945 पासून बोर्डीला त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांची अंगणवाडी ही माँटेसरीची नक्कल नाही, आणि माँटेसरीशिवाय ती झालीही नसती.

आज आपल्या शहरांत परदेशी नाव, परदेशी अभ्यासक्रम आणि परदेशी खेळणी यांच्या जोरावर बालशाळा चालतात. पालक भरमसाट फी भरतात, आणि वर्गातल्या ताईंना पगार तुटपुंजा असतो, प्रशिक्षण काही दिवसांचे असते, दिवसाचे वेळापत्रक वरून छापून येते. दुसरीकडे अंगणवाडीच्या सेविका पोषण, लसीकरण, नोंदवह्या यांतून उरलेल्या वेळात शिकवतात. दोन्हीकडे पेटी आहे आणि ती उघडणाऱ्या बाईंवरचा विश्वास नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत मानले आहे. तो पाया अभ्यासक्रमाच्या पुस्तकांनी भरून निघणार नाही. मुलाला शाळेत घालताना इमारत आणि खेळणी पाहण्याआधी पालकांनी विचारावे: इथल्या ताई कुठे शिकल्या, किती वर्षे टिकल्या आहेत, आणि आज मुलांचे मन वेगळीकडे असेल तर ठरलेला धडा बाजूला ठेवायची त्यांना मुभा आहे का? सरकारलाही हेच प्रश्न विचारायला हवेत. हाउबाई 1927 मध्ये परत गेल्या तेव्हा जपानमध्ये सुमारे हजार बालशाळा होत्या आणि त्यांत शिकवणाऱ्या बहुतेक जपानी स्त्रिया होत्या. परदेशी शिक्षिकेच्या कामाची याहून चांगली पावती नाही, आणि शिक्षिका घडवण्यावर पैसा आणि वर्षे खर्च करण्याला याहून चांगले कारणही नाही.