हॅलो, माईक टेस्टिंग

आमच्या खटाव तालुक्यात कार्यक्रमाची तारीख कुणाच्या लक्षात नसते, तिथी असते. "पंचमीला मोकळं हायसा का?" एवढंच विचारणारा फोन येतो आणि कुठली पंचमी, कुठलं गाव, हे ओळखायचं काम माझं. मी मंडप आणि साउंडचा धंदा करतो. दुकानात भिंतीवर कालनिर्णय असतं आणि मोबाईलमध्ये इंग्रजी तारखा. या दोघांचा मेळ घालण्यात माझा आश्विन जातो.

गणपती सोडले तर पावसाळ्यात आमचं सामान गोडाऊनमध्ये पडून असतं. उंदरांनी कुरतडलेल्या केबली सांधायच्या, फाटलेले कोन बदलायचे, एवढंच काम. नवरात्र बसलं की हंगाम उघडतो, तो चैत्र-वैशाखातल्या जत्रा आटपेपर्यंत. पैसा म्हणाल तर लग्नं आणि वराती यांतच आहे, खोटं कशाला बोला. पण मला लिहायचंय ते गाणं, सिनेमा आणि भाषण या तिघांबद्दल. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात तिन्हींची सोय होते, आणि ज्या जागेत होते ती बहुतेक वेळा त्या रात्रीपुरतीच उभी केलेली असते.

हंगामातलं पहिलं मोठं गाणं औंधला. कोजागरीनंतरच्या पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, तिथं संगीत महोत्सव होतो. ग्वाल्हेर घराण्याचे गायक अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली तो सुरू केला. अंतुबुवांना गाण्याची तालीम बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची. पुढे अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी परंपरा चालवली. ते गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. 1981 मध्ये शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन झालं आणि उत्सवाला घडी बसली. गजाननबुवांचे उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर यांच्यासारखे शिष्य देशभर नावाजले गेले.

एवढ्याशा गावात हे कसं, असं पुण्याचे लोक विचारतात. औंध हे संस्थान होतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे आणि कीर्तनंही करायचे. त्यांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं एक शिल्पसुद्धा आहे. राजाच कीर्तनाला उभा राहतो म्हटल्यावर प्रजेला ऐकायची सवय लागणारच.

औंधला मी धंद्यासाठी जात नाही, ऐकायला जातो. शहरात मैफल म्हणजे संध्याकाळी सहाला सुरू आणि साडेनऊला घड्याळाकडे बघत भैरवी. त्यामुळे दुपारचे राग बिचारे उपाशी राहतात. शुद्ध सारंग, भीमपलास, मुलतानी हे त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायला मिळणं शहरातल्या रसिकालाही कठीण. गाणं सकाळी सुरू होऊन जेवणाची सुट्टी घेत रात्रीपर्यंत चालत असेल तरच ते जमतं. शेतावरून जेवायला घरी आलेला माणूस तासभर मागं टेकून ऐकतो आणि पुन्हा मोटार चालू करायला जातो. त्याला रागाचं नाव विचारू नका. ऐन दुपारी यमन लावलात तर मात्र काहीतरी चुकतंय हे त्याला कळेल, असं मला वाटतं. पैज लावायला मी तयार आहे.

शास्त्रीय गाणाऱ्यांचा साउंड करायला लागल्यावर मला या धंद्यातली खरी गोम कळली. बाकीचे कलाकार स्टेजवर आले की "आवाज वाढवा" म्हणतात. गवई आधी तानपुरा मागतो. एक माईक त्याच्या भोपळ्याजवळ, गायकाच्या पुढ्यातल्या मॉनिटरमध्ये तोच आवाज, आणि तबल्याच्या बायाँवरचा बेस कमी. हे झाल्याशिवाय बुवा तोंड उघडत नाहीत. माझ्याकडच्या पोरांना सुरुवातीला हा वेळकाढूपणा वाटायचा. आता तीच पोरं भजनाच्या कार्यक्रमात आधी पेटीला विचारतात, "तुमास्नी तुमचं आयकू येतंय का?" ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही तो ओरडतो, आणि तो ओरडला की आम्हाला सगळंच वाढवावं लागतं. गावांतला निम्मा गोंगाट इथूनच जन्मतो.

उरलेला निम्मा समाजमंदिरातून. हा माझा जुना दावा आहे, तो जरा सविस्तर मांडतो.

कुठल्याही गावात जा, आमदार-खासदार निधीतून बांधलेलं एक समाजमंदिर असतं. चार भिंती, वर आरसीसी स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, दाराशी कोनशिला. बांधकामाला निधी मिळतो, पडद्यांना आणि सतरंज्यांना मिळत नाही. अशा रिकाम्या डब्यात माईक लावला की बोलणाऱ्याचा शब्द भिंतीवर आपटतो, छतावर आपटतो, फिरून येतो, आणि तोवर पुढचा शब्द सुटलेला असतो. दोन्ही एकमेकांत कालवले जातात. लोक म्हणतात, आवाज वाढवा. वाढवला की कालवण आणखी घट्ट होतं. म्हणून गावं समाजमंदिराला कुलूप घालतात आणि शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढं मंडप टाकतात. पटांगणाला छत नाही, आवाज आकाशात निघून जातो, परत येत नाही. भाषणाला त्याहून चांगली जागा नाही.

पण कायद्याचं उलटं आहे. ध्वनी प्रदूषणाचे नियम 2000 साली आले. त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सणासुदीला बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस गणपती-नवरात्रातच बरेचसे संपतात. बंदिस्त सभागृहाला मात्र आत ऐकू येण्यापुरता स्पीकर रात्री लावायची मोकळीक आहे. आता खेड्यातलं वेळापत्रक बघा. दूध डेअरीला घालून, जनावरांचं चारापाणी करून, जेवून माणूस बाहेर पडतो तो साडेआठला. नऊला दीपप्रज्वलन, सव्वानऊपर्यंत सत्कार. पाहुण्याला उरतात पंचेचाळीस मिनिटं. तमाशाच्या फडांना या दहाच्या ठोक्याचा फटका बसला हे पेपरात आलं. भजन आणि व्याख्यानाला बसला तो कुणी लिहिला नाही. म्हणजे जिथं रात्री कार्यक्रम करायला परवानगी आहे तिथं ऐकू येत नाही, आणि जिथं ऐकू येतं तिथं दहानंतर बोलता येत नाही.

यावरचा माझा उपाय वाकळांचा. एका गावात ऐन वेळी पाऊस आला आणि व्याख्यान समाजमंदिरात हलवावं लागलं. पहिल्याच "हॅलो"ला सगळा हॉल घुमला. मी पोरांना घरोघरी पिटाळलं. कुणी वाकळ आणली, कुणी घोंगडं, कुणी सोसायटीतली रिकामी पोती. पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांना दोरी बांधून सगळं टांगलं, बाजूच्या खिडक्यांवर मंडपाचे पडदे दुमडून सोडले, फरशीवर दोन-दोन सतरंज्या. मोठे स्पीकर बंद केले आणि चार छोटे, लोकांच्या जवळ, खालच्या आवाजात लावले. वक्ते भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. ठरलेला विषय बाजूला ठेवून ते त्या वाकळांवरच बोलायला लागले. 1895 च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात असंच काही ऐकू येत नव्हतं. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते निस्तरायला सांगितलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या-थोड्या वाढवत आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळी तास सुरू व्हायच्या आत गाद्या जागेवर पोचवायचा. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्यातून घातला गेला. सर सांगत होते आणि लोक वळून-वळून आपापल्या वाकळीकडं बघत होते. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माझी ती निळ्या काठाची, सकाळी तीच परत पायजे."

तेव्हापासून मी प्रत्येक सरपंचाला सांगतो की रंगावरचा खर्च एक वर्ष थांबवा, मागच्या भिंतीला जाड पडदा लावा. दोघांनी ऐकलं. बाकीच्यांनी रंग दिला.

सिनेमाचं शास्त्र वेगळं. त्यासाठी मार्गशीर्षात पुसेगावला यावं. सेवागिरी महाराजांची यात्रा, नोटांच्या माळांनी झाकलेला रथ, खिलार बैलांचा बाजार, आणि मोकळ्या रानात ठोकलेले टुरिंग टॉकीजचे तंबू. फिरता सिनेमा ही महाराष्ट्राची जुनी चीज. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 मधल्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर यंत्र आणि पडदा घेऊन गावोगाव जाणाऱ्यांची रांग लागली. आमच्याकडच्या तंबूंची रचना हुशारीची आहे. प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यातच कायमचा बसवलेला असतो. ट्रक तंबूच्या तोंडाशी लावायचा, हौद्यातून झोत सोडायचा, समोर पडदा. जत्रा संपली की तंबू गुंडाळून त्याच ट्रकात टाकायचा आणि पुढचं गाव गाठायचं.

मला रिळांचा काळ आठवतो. दोन हजार फुटांचं रीळ बावीसेक मिनिटं चालायचं. एकच मशीन असलेल्या तंबूत दर रिळाला अंधार, शिट्ट्या आणि शेंगांचा कागद फाडल्याचा आवाज. झोतासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जाळायच्या. त्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटर गोल चाक हळूहळू फिरवत अंतर राखायचा. त्याचा हात चुकला की नायिका पिवळी पडायची. मग डिजिटल आलं, रिळं छापणं थांबलं, आणि ज्यांना नवं मशीन परवडलं नाही त्यांचे ट्रक शेडमध्ये गंजले. हे स्थित्यंतर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपलंय. 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. धंदेवाल्याच्या नजरेनं बघा, त्यातली मशीनं पाहून माझ्या पोटात कालवलं.

तंबूत आवाजाची शिस्त वगैरे काही नसते. शेजारच्या तंबूतली गाणी, पाळण्यांचा घरघराट, हरवलेल्या पोरांच्या घोषणा, सगळं एकत्र. मी तिथं कान मिटून बसतो आणि लोक पाहतो.

राहिलं भाषण. महाराष्ट्रात व्याख्यानमाला म्हटलं की न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आठवते. खेड्यात हे काम सार्वजनिक वाचनालयांनी केलं. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळं गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळायला लागलं. अनुदान तुटपुंजं असतं आणि वेळेवर येत नाही, पण पाटी लटकते, कपाट उघडं राहतं आणि जानेवारीत तीन दिवस कुणीतरी बोलायला येतं. खर्च वर्गणीतून. एका संध्याकाळचा मंडप एक जण देतो, वक्त्याचा प्रवास दुसरा, जेवण तिसऱ्याच्या घरी. माझा साउंड कुणाच्या नावावर टाकायचा यावर दर वर्षी वाद होतो. शेवटी माझ्याच नावावर टाकतात, म्हणजे पैसे मिळत नाहीत आणि नारळ मिळतो.

जानेवारीतल्या रात्रीची एक गंमत सांगितलीच पाहिजे. थंडी पडली की जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. त्यामुळं आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि लांब जातो. म्हणून पटांगणातल्या शेवटच्या ओळीतल्या माणसाची तक्रार आणि दोन किलोमीटरवरच्या वस्तीवरून आलेला फोन एकाच वेळी पोचतात. पहिला म्हणतो काही कळत नाही. दुसरा म्हणतो, सायबांचं संत तुकारामांवरचं अगदी बरोबर, पण सन चुकला.

यंदा कुणाला यायचं असेल तर आधी तिथी बघून घ्या. औंधला सकाळीच पोचा, साताऱ्याहून एसटी आहे, रेल्वेनं आलात तर रहिमतपूरला उतरावं लागेल. भारतीय बैठकीची सवय नसेल तर भिंतीकडेची जागा धरा. पुसेगावला तंबूत शिरलात तर ट्रकच्या अगदी पुढं बसू नका, जनरेटर तिथंच असतो. गावच्या व्याख्यानाला येणार असाल तर सत्कार आटपेपर्यंत धीर धरा, आणि तुम्हीच वक्ते असाल तर माईकवर टिचक्या मारू नका, मी आधीच तपासलेला असतो. समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला असेल तर येताना एक जाडशी वाकळ काखेत मारून आणा, कोपऱ्यावर नाव घालून.