आमराईतील करवत आणि परका कार्बोरेटर

लखनौहून हरदोईच्या सडकेने काकोरी मागे टाकून मलिहाबादेकडे निघाले, की दुतर्फा आमराया लागतात. आणि ज्या मुलखात आंब्याच्या झाडावर घाव घालणे आजही शुभ मानले जात नाही, जेथे हिरवे झाड पाडावयाचे तर १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याबरहुकूम वनखात्याच्या दफ्तरातून रीतसर इजाजत आणावी लागते, त्याच मुलखात पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीला प्रतिष्ठा लाभावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. या विसंगतीचा उलगडा रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेत होतो. १९७२ मध्ये आम्रसंशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेल्या आणि १९९५ पासून आजचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेने जीर्ण आमरायांच्या पुनरुज्जीवनाची एक पद्धत सिद्ध केली. चाळीस-पन्नास वर्षांची झाडे एकमेकांत फांद्या गुंतवून उभी राहतात, आतवर ऊन पोहोचत नाही, आणि फळ धरते ते शेंड्याशी, तेही तुटपुंजे. अशी झाडे डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून तीन-चार मीटर उंचीवर छाटावी, कापलेल्या जागी ताम्रयुक्त लेप द्यावा, नव्या फुटव्यांची विरळणी करावी, म्हणजे दोन-तीन वर्षांत वृक्ष पुन्हा फळावर येतो. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही हापूसच्या जुन्या बागांसाठी अशाच छाटणीचा पुरस्कार केला आहे. मात्र कुऱ्हाडीच्या घावाने बुंधा चिरफळतो आणि साल सोलली जाते. म्हणून हे काम यांत्रिक करवतीनेच करावे लागते.

नवी नामांकित करवत छाटणीच्या ठेकेदाराला परवडत नाही. तो घेतो ती बहुधा जपानी झेनोआ कंपनीच्या घाटावर चीनमध्ये बनलेली, त्यातही एक-दोन हंगाम राबलेली आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली. असे यंत्र पारखण्याची रीत मोठी सुटसुटीत आहे. इंजिन बंद ठेवून स्टार्टरच्या दोरीची मूठ धरावयाची आणि यंत्र अधांतरी लोंबू द्यावयाचे. ते अडखळत, सावकाश खाली उतरले तर दाब शाबूत आहे असे समजावे, आणि सरळ घसरले तर सौदा तेथेच मोडावा. त्यानंतर सायलेन्सर उतरवून निकासाच्या छिद्रातून पिस्टनची भिंत पाहावी. तीवर उभे ओरखडे असतील तर विक्रेत्याची बाकीची सारी ग्वाही व्यर्थ होय.

लखनौच्या कारागिरांना टू-स्ट्रोक इंजिनाचे गूढ वाटण्याचे कारण नाही. सरोजिनीनगरातील स्कूटर्स इंडिया या सरकारी कारखान्याने इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत आणून १९७५ पासून विजय सुपर स्कूटर बाजारात आणली. पुढे त्याच कारखान्याच्या विक्रम तीनचाकीने या शहराचे रस्ते वर्षानुवर्षे धुराने भरले. १९९७ मध्ये तेथील दुचाक्या बंद झाल्या आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने कारखानाच मिटविण्याचा निर्णय घेतला. परंतु पेट्रोलात तेल मिसळण्याचा आणि प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखण्याचा हिशेब जुन्या मिस्त्र्यांच्या हातांत मुरून राहिला. तरीही स्कूटरच्या मिस्त्रीने करवत उघडली की तो क्षणभर थबकतोच, कारण तिच्या कार्बोरेटरात त्याच्या ओळखीची वाटी नसते आणि तीत तरंगणारा फ्लोटही नसतो.

या अभावाला इतिहास आहे. ज्या १९२६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने लखनौत संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले, त्याच साली जर्मनीत आंद्रेआस श्टील याने विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. १९२९ मध्ये तिचे पेट्रोलवरील रूप आले, त्याचे वजन ४६ किलो होते. त्या काळच्या करवतीचे इंजिन सरळ उभे ठेवावे लागे, कारण ते कलंडले की फ्लोटचा समतोल ढळून इंधन एकतर सांडे किंवा अडे. फ्लोटच्या जागी लवचिक पडदा आला तेव्हाच यंत्र आडवे, उलटे, हवे तसे धरता येऊ लागले. क्रँककेसमध्ये पिस्टनच्या हालचालीने जो दाब कमी-अधिक होतो, तोच एका बारीक छिद्रातून येऊन एका पडद्याला धडधडवितो आणि टाकीतील पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा सुईला वर-खाली करून हवे तेवढेच पेट्रोल आत सोडतो. फांदीवर बसलेला छाटणारा आज एखादे दोर बांधलेले यंत्र वाकडे धरून कापू शकतो, तो केवळ या दोन पडद्यांच्या बळावर.

आणि बिघडतात तेही हेच पडदे. पंपावरील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून, महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवलेल्या यंत्रातले पडदे कडक होतात, पितळी भागांवर हिरवट थर चढतो. पडद्यांचा संच बदलून पुष्कळदा भागते. पण जुना कार्बोरेटर साफ करण्याच्या मजुरीत वाल्ब्रो कंपनीच्या नमुन्याचा नकली नवा मिळत असल्यामुळे सरसकट बदलण्याकडेच कल असतो. मलिहाबादच्या माळ्याला हे सांगावे लागत नाही, की कलम बांधले म्हणजे ते जगलेच असे नव्हे. खुंट आणि फांदी यांचा थर थराला भिडावा लागतो. परक्या कार्बोरेटरचेही असेच आहे. बोल्टांचे अंतर जुळले एवढ्यावर हुरळणारा मिस्त्री गॅस्केट उलटे बसवितो, दाबाचे ते बारीक छिद्र कागदाखाली बुजते, आणि मग दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी पेट्रोल वर चढत नाही. दोष मात्र प्लगला दिला जातो.

छिद्र जुळले, अॅक्सिलरेटरची तार अडत नाही हे पाहिले, रबरी नळीला चीर नाही याची खात्री केली, म्हणजे खरे काम उरते ते स्क्रूंचे. मंद गतीचा स्क्रू असा लावावा, की अॅक्सिलरेटर दाबताच इंजिन न गुदमरता उसळी घेईल. वेगाचा असा, की पूर्ण वेगात, लाकडाला न लागता, आवाज किंचित फाटका, भरडा निघावा आणि साखळी लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. मोकळ्या हवेतच जे इंजिन तीक्ष्ण किंचाळते, त्याला पेट्रोल कमी पडते आहे; आणि पेट्रोलबरोबरच तेलही येत असल्याने ते इंजिन थोड्याच वेळात पिस्टन जाम करून बसेल. गिऱ्हाइकांना नेमकी ही किंचाळीच जोरदार वाटते, ही या धंद्यातली मोठी अडचण. कित्येकजण तर सायलेन्सरचे तोंड मोठे करून घेतात. त्याने ताकद थोडी वाढते हे खरे, पण त्यासोबत वेगाचा स्क्रू पुन्हा उघडावा लागतो हे विसरले जाते, आणि आमराईत काम करणाऱ्याच्या कानांचा विचार तर कोणीच करीत नाही. मला हा हव्यास अनाठायी वाटतो; पाते लांब असलेल्या यंत्राला थोडे आखूड पाते लावले, साखळीचे दात कानशीने एकसारखे घासले, तर सायलेन्सरच्या मोठ्या तोंडाहून अधिक लाभ होतो.

डिसेंबरात पहिल्या फांदीवर यंत्राची परीक्षा होते. आधी खालून थोडा काप द्यावयाचा, मग वरून, म्हणजे फांदी आपल्याच भाराने साल ओरबाडीत खाली येत नाही. हंगाम सरला की टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावे, असे मिस्त्री प्रत्येकाला बजावतो. न ऐकणारे पुढच्या वर्षी, छाटणीच्या ऐन घाईत, त्याच्याच दारी रांगेत उभे असतात.