नव्या गाडीचं छत गळतं तेव्हा

‘जामखेडला पाऊस तो किती, गाडी गळायची चिंता कोकणातल्यांनी करावी!’ सनरूफची नवी गाडी घेणाऱ्याकडून किंवा मुक्कामी फिरायला व्हॅन बांधून घेणाऱ्याकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा तालुका पर्जन्यछायेतला, हे खरंच आहे. पण छताला वर्षभराच्या पावसाशी देणंघेणं नसतं, त्याचा संबंध त्या एका तासाशी असतो. मे महिन्यातला वळीव वाऱ्यासोबत आडवा झोडपतो, परतीचा पाऊस एका रात्रीत ओढे फुगवतो. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं काय केलं, हे तिच्या काठच्या गावांना सांगायला नको. आणि कोरडे महिने काही छताला विश्रांती देत नाहीत. उन्हानं रबर कडक होतं आणि आक्रसतं, धूळ पन्हळीत आणि नळ्यांत जाऊन बसते, पहिल्या सरीत तिचा चिखल होतो. थोडक्यात, कोरड्या मुलखातली गाडी सात-आठ महिने गळतीची तयारी करत उभी असते.

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे: सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवतं, म्हणून आत थेंब आला की रबर गेलं. प्रत्यक्षात कारखान्यातून येणाऱ्या सनरूफची रचनाच थोडं पाणी आत येणार असं धरून केलेली असते. काचेच्या खाली, छताच्या अस्तराच्या वर, चारी बाजूंनी एक पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून सहसा चार नळ्या निघतात. पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबांमधून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांमधून, आणि पाणी गाडीखाली सोडतात. आपल्याकडच्या जुन्या माळवदाचंही तसंच होतं. पांढऱ्या मातीनं पाणी धरून ठेवावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. उतार नीट हवा आणि पन्हळीचं तोंड मोकळं हवं, एवढंच बघितलं जायचं. सनरूफ गळायला लागलं की बघायची पहिली गोष्ट म्हणजे ही नळीची तोंडं. काचेवरचं रबर नंतर.

ते तपासायला मेकॅनिक लागत नाही. सनरूफ पूर्ण उघडा, पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली वाका. त्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या किंवा दाराच्या बिजागरीच्या आसपास पाणी पडायला हवं. पाणी कोपऱ्यातच तुंबलं तर नळी चोंदली आहे. झटकन उतरलं, पण खाली दिसलंच नाही, तर नळी कुठंतरी निसटली आहे आणि ते पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये चाललं आहे. नव्या कोऱ्या गाडीत हा दुसरा प्रकार जास्त संशयास्पद समजावा, कारण कचरा साचायला वेळ लागतो, नळी जोडताना सैल राहायला लागत नाही. चोंदलेली नळी उघडायला पंक्चरवाल्याकडची हवा मारून घेणं हा आवडता उपाय आहे, आणि तो घातक आहे. जोराच्या हवेनं नळी खांबाच्या आतच निसटते, मग अख्खं अस्तर उतरवावं लागतं. तारही घालू नये, नळीला भोक पडतं. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हळूच सरकवली तर कचरा सुटतो.

जाता जाता एक. ऐन उन्हाळ्यात डाव्या बाजूच्या पायाखाली ओल आली तर छताला दोष देऊ नका. एसीच्या पाण्याची नळी चोंदली की तेच होतं.

‘जिथं थेंब पडतो तिथंच भोक आहे’ हा समज स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांना तरी नसायला हवा, पण गाडीत बसलं की सगळे तो बाळगतात. पाणी छताच्या पत्र्याच्या आतून, आडव्या पट्ट्यांवरून, वायरींच्या अंगानं वाहत जातं आणि सगळ्यात खालचं भोक सापडलं की बाहेर येतं. ते भोक बहुतेक वेळा आतल्या दिव्याचं असतं. म्हणून दिव्यातून पाणी आलं की दिव्याभोवती सिलिकॉन भरणारे लोक भेटतात. गाडी उभी असताना काही नाही आणि ब्रेक मारला की कपाळावर धार, असं होत असेल तर पाणी मागं कुठंतरी साचून बसलेलं असतं आणि ब्रेकसरशी पुढं धावतं.

उघडणाऱ्या छताच्या व्हॅनमध्ये हा शोध आणखी अवघड होतो. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. खर्ड्याचा किल्ला बघून तिथंच मुक्काम करावा, सौताड्याच्या धबधब्यावर सकाळ उगवावी, असली स्वप्नं आता गाडीच्या भाषेत बोलली जातात. अशा व्हॅनचं वर उचललं जाणारं छत म्हणजे फायबरचं किंवा पत्र्याचं झाकण, एका बाजूला बिजागऱ्या, उचलायला गॅसचे दट्टे, मध्ये कापडाची भिंत आणि खाली कडेनं रबर. संशयित इतके, की एकदम सगळीकडे पाण्याचा फवारा मारून काहीच कळत नाही. सर्व्हिसिंगला वापरतात तो जोराचा पंप तर अजिबात नको, तो धड रबरातूनही पाणी आत घुसवतो. बागेच्या साध्या नळीनं, कमी धारेनं, खालून वर चढत जावं. आधी रबराचा खालचा भाग, मग बिजागऱ्या, मग वर सौरपॅनेल किंवा कॅरिअर बसवलं असेल तर त्याचे स्क्रू. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबावं. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला हवा, त्यानं ‘आलं’ म्हटलं की ती जागा. एकदम वरून सुरुवात केली तर सगळं पाणी खाली ओघळतं आणि भोक कुठलं ते कळत नाही.

बऱ्याचदा भोक सापडतच नाही, सापडतं ते कापड. छत खाली घेताना भिंतीच्या कापडाची घडी आत ओढून घ्यायची असते. तिचा कोपरा रबराखाली चिमटला की ते कापड वातीसारखं काम करतं आणि बाहेरचं पाणी थेंब थेंब आत आणतं. व्हॅन ‘सदोष’ ठरवण्याआधी हे एकदा बघून घ्यावं. छत खाली आवळून धरणारे दोन्ही पट्टे सारखे ताणलेत का, हेही.

सुती किंवा सुतीमिश्रित कॅनव्हास नवा असताना शिलाईच्या भोकांतून पाझरतो. पहिल्या पावसातल्या या पाझराला घाबरून लोक थेट भांडायला जातात. अशा कापडाला दोन-तीनदा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवलं की धागे फुगतात आणि सुईची भोकं आवळली जातात. प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाला मात्र हा नियम लागू नाही, त्याच्या शिलाईवर पट्टी किंवा सीलरच लागतो. कुठल्याही प्रकारचं कापड धुण्याच्या पावडरीनं घासू नये, वरचा पाणीरोधक थर निघून जातो. आणि भिजलं असताना छत बंद करावंच लागलं, तर घरी पोचल्यावर लगेच उघडून वाळवावं, नाहीतर बुरशी धरते आणि तिचे काळे डाग जात नाहीत.

मग डिसेंबरातली तक्रार: पाऊस नाही, तरी सकाळी छत आतून ओलं. ही गळती नव्हेच. बंद व्हॅनमध्ये दोन माणसं रात्रभर झोपली तर त्यांच्या श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. उघड्या माळावर पहाटेचा पत्रा गार पडतो आणि ती वाफ त्याच्यावर थेंब होऊन बसते. ओल सगळीकडे सारखी, विशेषतः उघड्या लोखंडी भागांवर असेल तर दवच समजा. एकाच रेषेत किंवा एकाच कोपऱ्यात असेल तर गळती. उपाय म्हणून लोक वरून ताडपत्री टाकतात, त्यानं वाफ आणखी कोंडते. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवणं थंडीत नकोसं वाटतं खरं, पण उपाय तोच आहे.

सिलिकॉनबद्दल स्पष्टच बोलायला हवं. हार्डवेअरच्या दुकानातली, व्हिनेगरसारखा वास येणारी ट्यूब काचेच्या टाकीसाठी ठीक, गाडीच्या पत्र्यावर तिच्यातलं आम्ल गंज आणतं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्यावर पुढं काहीच नीट चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा नाही. पुढचा कारागीर आधी ते खरवडण्यात दिवस घालवतो. गाडीसाठी पॉलियुरेथेन सीलंट किंवा ब्यूटाइलची पट्टी असते. पण वॉरंटी चालू असेल तर तेही स्वतः लावू नका, कारण कंपनीला ‘मालकानं छेडछाड केली’ म्हणायला तेवढं पुरतं.

छत कापून उघडणारं झाकण बसवून देणारे कारागीर आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं आहे. गळणारं छत तिथं दुय्यम ठरतं, अपघातानंतर विमा कंपनी काय विचारेल हा खरा प्रश्न. विम्याचंही एक सांगून टाकतो: पुरात गाडी बुडाली तर सर्वसमावेशक पॉलिसी कामाला येते, पण रबर नीट न बसल्यानं गळलेल्या छताचा खर्च विम्याचा नाही. तो विकणाऱ्याचा आणि बनवणाऱ्याचा.

तर ‘नवी गाडी गळली, बदलून द्या’ असं म्हणता येतं का? म्हणता येतं, मिळतंच असं नाही. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६च्या एका निकालात म्हटलं आहे. गाडी बदलून हवी तर दोष मूळ बांधणीतलाच आहे आणि दुरुस्तीनं जात नाही, हे दाखवावं लागतं. ते दाखवणारा कागद म्हणजे जॉबकार्ड. प्रत्येक फेरीत त्यावर ‘छतातून पाणी गळते’ असं लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं कार्ड पुढं काही कामाचं नाही. गळतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, आणि तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नका, कारण तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

गाडी पुण्याला घेतली म्हणून खटला पुण्यालाच, हेही जुनं झालं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे जामखेडच्या माणसाला अहिल्यानगरचा जिल्हा आयोग चालतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की प्रकरण जिल्ह्यातच राहतं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यापुढं ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायला पैसे पडत नाहीत. फक्त व्हॅन भाड्यानं फिरवायला घेतली असेल तर सावध: व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक कायद्याच्या लेखी ग्राहक नसतो. स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल तर गोष्ट वेगळी, पण ते तक्रारीतच लिहावं लागतं.