पहिल्या शुक्रवारचा दिवस

पहाटे ५.४५
जानेवारीत या वेळी वसईच्या वाड्यांत चांगलीच थंडी असते. चर्चचं मोठं दार उघडणारे काका माझ्या आधी हजर असतात. सहाला घंटा, साडेसहाला मिस्सा. महिन्याचा पहिला शुक्रवार असल्यामुळे आज मागचे बाकही भरतील.

वेदीकडे जाण्यापूर्वी हेतूंची वही उघडतो. कुणाच्या वडिलांच्या वर्षाची मिस्सा, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाला देवाचे आभार मानायचेत. प्रत्येक हेतूमागे थोडी दक्षिणा असते. तिच्याबद्दल चर्चचा नियम कडक आहे: दिवसात मिस्सा कितीही झाल्या तरी, नाताळ सोडला तर, धर्मगुरूने एकाच मिस्सेची दक्षिणा स्वतःकडे ठेवायची. बाकीची बिशपांनी ठरवून दिलेल्या कामाला जाते. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण प्रार्थनेची कमाई होऊ नये याची काळजी त्यात घेतली आहे.

मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत रोज आधी पोपचं नाव येतं, मग आमच्या बिशपांचं. धर्मप्रांत म्हणजे बरामपूरचं बिशप हाऊस, तिथली कार्यालयं आणि शिक्के, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तो लोकांना रोज सकाळी कानावर पडणाऱ्या त्या नावातून भेटतो. बिशप प्रेषितांचे वारस आणि त्यांच्या वतीने मी इथे, या गावात. मला स्वतंत्र गादी नाही.

सकाळी ७.४५
आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तशरीर न्यायची ही वेळ. लांबची घरं सहाय्यक धर्मगुरू आणि या सेवेसाठी नेमलेले काही प्रापंचिक वाटून घेतात. माझ्याकडे जवळची आळी. एका घरी आजी पलंगावर उठून बसलेल्या असतात. शेजारी टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड, मेणबत्ती, लहान क्रूस आणि पेलाभर पाणी. सगळं सुनेने मांडलेलं. आजी मराठीत प्रार्थना म्हणतात, गप्पा मात्र कादोडी बोलीत. आज त्यांनी रुग्णाभ्यंग मागितलंय.

खिशातून तेलाची डबी काढतो. हे तेल कुठून येतं ते सांगायला हवं. पवित्र आठवड्यात धर्मप्रांतातले धर्मगुरू बिशपांबरोबर एक मिस्सा करतात आणि आपली वचनं पुन्हा उच्चारतात. त्याच मिस्सेत बिशप तीन तेलांना आशीर्वाद देतात: बाप्तिस्म्याआधी लावायचं, रुग्णांचं आणि सुगंधी ख्रिझम. तिथून ती प्रत्येक धर्मग्रामात पोहोचतात, आमच्या पट्ट्यातही आणि थेट डहाणू-तलासरीच्या आदिवासी भागातही. आजींच्या कपाळावर आणि तळहातांवर मी क्रूस काढतो ते याच तेलाने. धर्मप्रांत कसा चालतो हे कुणाला दाखवायचं झालं तर तक्त्याआधी मी ही डबी दाखवीन.

सकाळी ९.३०
कार्यालय उघडतं. आगमनकाळ संपला आणि उपवासकाळ यायचाय, म्हणजे लग्नांची गर्दी. बाहेरच्या बाकावर एक तरुण आईबरोबर बसलाय. लग्न मुंबईत, मुलीच्या धर्मग्रामात आहे. त्याला बाप्तिस्म्याचा दाखला हवा, तोही नवा. घरच्या फाइलमधला पंचवीस वर्षांपूर्वीचा चालत नाही, हे ऐकून आई जरा नाराज होते.

मी नोंदवही काढून तिच्यासमोरच उघडतो. नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. उजवीकडे शेऱ्याची रुंद जागा, आणि सगळं महत्त्व तिचंच आहे. माणसाचं दृढीकरण कुठेही होवो, लग्न जगाच्या पाठीवर कुठेही लागो, तो धर्मगुरू होवो की ती सिस्टर होऊन अखेरचं व्रत घेवो, त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामात परत यावी लागते आणि इथे, त्या नावापुढे, लिहिली जाते. म्हणून ताजा दाखला मागतात: लग्नाला आड येणारी नोंद शेऱ्याच्या जागेत आजही नाही, हे समोरच्या धर्मगुरूला कळावं. शेजारच्या ओळीत एका बाईंच्या नावापुढे टोरांटोतल्या चर्चमधल्या लग्नाची तारीख आहे. आई ती वाचते आणि तिच्या कपाळावरची आठी जाते.

आता तीन रविवार दोन्ही चर्चमध्ये नावं पुकारली जातील. कुणाला अडचण ठाऊक असेल तर त्याने येऊन सांगायचं. लग्नानंतर मुंबईहून पत्र येईल आणि मी ही ओळ पूर्ण करीन. सरकारलाही हिशेब द्यायचा असतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्नांची माहिती दर तिमाहीला जाते.

दुसरं जोडपं आत येतं. मुलगी आमची, मुलगा हिंदू. इथे माझा अधिकार संपतो. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची सूट लागते. दोघांशी बोलायचं, मुलीचं वचन लिहून घ्यायचं, मुलाला ते समजावून सांगायचं आणि कागद बरामपूरला पाठवायचे, एवढं माझं काम. मुलगा विचारतो, ‘फादर, मला धर्म बदलावा लागेल का?’ मी सांगतो, नाही, कुणी तसा आग्रह धरला तर मला येऊन सांग.

सकाळी ११.३०
बिशप हाऊसचा फोन. चान्सलर कागदपत्रं आणि दप्तर सांभाळतात, व्हिकर जनरल बिशपांच्या वतीने कारभार पाहतात, पैशांसाठी वेगळी व्यक्ती, लग्नांच्या खटल्यांसाठी न्यायासन. शेजारशेजारच्या धर्मग्रामांची मिळून डीनरी, तिच्यावर डीन. आज फोन बिशपांच्या भेटीसाठी आहे. साधारण पाच वर्षांत त्यांनी प्रत्येक धर्मग्राम स्वतः पाहावा असा नियम आहे, आणि यंदा आमची पाळी. नोंदवह्या, हिशेब, दफनभूमी, सगळं ते पाहतील. तयारीची यादी लिहून घेतो.

इथली चर्चेस धर्मप्रांतापेक्षा कितीतरी जुनी आहेत. पोर्तुगीज काळात उभी राहिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावरही भाविक टिकले. पुढे १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत झाला, १९२८ मध्ये तो मोडल्यावर वसईचा भाग मुंबईकडे आला, आणि १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत उभा राहिला. पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं. वरची व्यवस्था इतक्या वेळा बदलली, तरी आळीतल्या लोकांनी आपलं चर्च सोडलं नाही.

दुपारी १२
घंटा, देवदूताच्या निरोपाची प्रार्थना, जेवण, थोडी झोप.

दुपारी ४
अंत्यविधी. मृत्यूची वेळ कुठल्याच वेळापत्रकात नसते, म्हणून संध्याकाळची आराधना तासभर पुढे ढकलली. गेलेले गृहस्थ नव्या इमारतीत राहायचे, मूळचे मंगळूरचे. स्टेशनच्या बाजूला टोलेजंग इमारती उठल्या आणि हद्दीत गोवा, तमिळनाडू, केरळहून आलेली कुटुंबं राहू लागली. त्याच जिन्यावरचं एखादं केरळच्या सिरो-मलबार विधीचं कुटुंब तर माझ्या अखत्यारीत नसतंच. ते १९८८ मध्ये त्यांच्यासाठी स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांताचं. तरीही आज त्या मजल्यावरचे सगळेच दफनभूमीपर्यंत आले. धर्मग्राम मुळात भूभागावरून ठरतो. आमच्या विधीचा जो हद्दीत राहतो तो माझा, चर्चला येवो न येवो. नव्या इमारतींत हे पाळणं अवघड जातं, आणि आमचं सगळ्यात जास्त बळ तिथेच लागायला हवं.

रात्री ८.१५
धर्मग्राम परिषदेची बैठक. लहान ख्रिस्ती समूहांचे प्रतिनिधी, तरुण, सिस्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात चर्चच्या कायद्याने असावीच लागते. ही परिषद असावी की नाही ते बिशप ठरवतात. दोन्हींचं काम सल्ला देण्याचं. शेवटचा शब्द प्रमुख धर्मगुरूचा.

आजचा वाद रविवारच्या आठच्या मिस्सेचा. ती इंग्रजीत करावी, नव्या इमारतींतली मुलं तरच येतील, असं काहींचं म्हणणं. एक वयस्कर शिक्षक उठून म्हणतात, ‘फादर, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आम्हाला मिस्सा आमच्या भाषेत मिळाली. ती काढून घेऊ नका.’ मराठी मिस्सेत आमची गीतं आहेत, ज्यांचं मराठी सुबोध बायबल घरोघरी पोहोचलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. माझा कल शिक्षकांकडेच आहे. पण इमारतीतल्या त्या मुलांना मी काय देणार, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, आणि ते परिषदेशिवाय मिळणारही नाही. काही वर्षांत माझी बदली होईल, हे लोक इथेच राहतील. सल्ला घ्यायचा तो बंधन म्हणून नव्हे, तर धर्मग्राम त्यांचा आहे म्हणून.

शेवटी आठची मिस्सा मराठीतच ठेवायची आणि संध्याकाळी एक इंग्रजी मिस्सा तीन महिने करून पाहायची असं ठरतं. संध्याकाळच्या मिस्सेसाठी गायक कोण जमवणार यावर दोघी तरुणी हात वर करतात. सचिव इतिवृत्त लिहून घेतात. बिशपांच्या भेटीपूर्वी दफनभूमीची पडकी भिंत बांधायची की नाही, हा विषय अर्थसमितीकडे पुढच्या मंगळवारी.