डिकॅफ कॉफी : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठी घरांत कॉफीला चहाइतकी रोजची जागा नसली तरी तिची वेळ ठरलेली असते. जागरणाच्या रात्री किंवा जेवण आटोपल्यावर दुधात उकळून, जायफळ-वेलदोडा घालून ती घेतली जाते, आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यातील किंवा चौबे कॉलनीतील मराठी कुटुंबांनाही ही पद्धत परकी नाही. वय वाढल्यावर, झोप उणावल्यावर किंवा गरोदरपणात हीच सवय अडचणीची ठरते आणि कॅफिन काढून टाकलेल्या, म्हणजे डिकॅफ कॉफीचा विचार पुढे येतो. तो विचार बहुधा दोन समजुतींपाशी अडतो : अशी कॉफी रसायनांत धुतलेली असल्याने घातक असते, आणि तिला चव नसते. या दोन्ही समजुतींपेक्षा अधिक नुकसान करणारी एक तिसरी समजूत आहे, ती म्हणजे जे पेय डिकॅफ नाही त्यालाच सौम्य मानून निर्धास्तपणे पिण्याची. म्हणून प्रथम तिचा विचार करणे योग्य ठरेल.

कॅफिन हे कॉफीच्या बियांत आणि चहाच्या पानांत निसर्गतः तयार होणारे कडवट अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग असून, जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी १८१९ मध्ये ते कॉफीतून प्रथम वेगळे केले. दिवसभर मेंदूत साचत जाणारे अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) जोडले गेल्यावर झोपेची भावना निर्माण होते, त्याच ग्राहींची जागा कॅफिन अडवून बसते. प्रौढ माणसाच्या रक्तातील कॅफिन निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहा वाजता घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असते. गरोदरपणात हा काळ आणखी लांबतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुरक्षित मानली आहे, तर साध्या कॉफीच्या सुमारे २४० मिलिलिटरच्या मगात अदमासे ९५ मिलिग्रॅम कॅफिन असते.

या पार्श्वभूमीवर जायफळाविषयीची समजूत तपासता येते. जायफळ झोप आणते, म्हणून जायफळ घातलेली कॉफी रात्री बाधत नाही, असे अनेक घरांत मानले जाते. परंतु चिमूटभर जायफळाचा कॅफिनच्या रेणूवर काहीही परिणाम होत नाही, आणि परिणाम दिसावा म्हणून जायफळाचे प्रमाण वाढवणे तर धोक्याचे आहे, कारण त्यातील मिरिस्टिसिन हे द्रव्य मोठ्या मात्रेत विषारी ठरते. दुधाचेही तसेच आहे : दूध कडवटपणा झाकते, कॅफिन कमी करत नाही, आणि पेल्यातील कॅफिन किती आणि कोणती पूड घातली यावर ठरते. काळपट भाजलेल्या कॉफीत कॅफिन जळून जाते हा समजही टिकत नाही. हे संयुग भाजण्याच्या तापमानाला बऱ्यापैकी टिकून राहते, त्यामुळे गडद भाजणीने चव पालटते, पण कॅफिनमध्ये नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो बियांच्या जातीने. रोबस्टा जातीत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते, भारतातील उत्पादनात मोठा वाटा रोबस्टाचाच आहे, आणि बाजारातील स्वस्त इन्स्टंट कॉफीही बहुधा रोबस्टापासून बनते.

चिकोरीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. चिकोरी हे कासनी या वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ असून गुजरातेतील जामनगर आणि उत्तर प्रदेशातील एटा या भागांत तिची शेती होते. तिच्यात कॅफिन मुळीच नसते, एवढ्यावरून चिकोरीमिश्रित कॉफी म्हणजे अर्धी डिकॅफ असा निष्कर्ष काढला जातो. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्ही घटकांचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजे अशा पुडीतही निम्म्याहून अधिक भाग पूर्ण कॅफिनच्या कॉफीचाच असतो. उलट निखळ चिकोरीच्या पेयात कॅफिन नसले तरी ते कॉफी नव्हे, आणि ज्याला कॉफीचीच चव हवी आहे त्याचे त्याने समाधान होत नाही.

छत्तीसगडमध्ये याच प्रकारचा एक नवा गैरसमज रुजण्याची शक्यता आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या जगदलपूर येथील उद्यानविद्या महाविद्यालयाच्या पुढाकाराने बस्तर जिल्ह्यातील दरभा परिसरात २०१७ पासून कॉफीची लागवड सुरू झाली, आणि बस्तर कॉफी या नावाने ती आता ग्राहकांपर्यंत पोचत आहे. सावलीच्या झाडांखाली आदिवासी शेतकऱ्यांच्या हातून पिकणारी ही कॉफी राज्याच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो अभिमान सार्थ आहे. तथापि जंगलाच्या सान्निध्यात, रासायनिक खतांवाचून पिकली म्हणून एखादी कॉफी कॅफिनच्या दृष्टीने सौम्य ठरत नाही. कीटकांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी झाड स्वतःच कॅफिन तयार करते; ते बाहेरून फवारलेले द्रव्य नव्हे. निसर्गतः कॅफिनरहित अशी जात अस्तित्वात आहे, कॅमेरूनमध्ये आढळलेल्या आणि २००८ मध्ये नामकरण झालेल्या कॉफिया चॅरिएरियाना या जातीच्या बियांत कॅफिन नसते, परंतु किराणा दुकानातील पाकिटाशी तिचा संबंध नाही. दुकानात मिळणाऱ्या डिकॅफमधले कॅफिन कारखान्यातच काढलेले असते.

हे काढणे म्हणजे नेमके काय, याविषयीच्या अज्ञानातून रसायनांची भीती जन्मली आहे, आणि त्या भीतीला इतिहासाचा आधारही आहे. जर्मनीतील ब्रेमेनचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी १९०६ मध्ये काफे हाग ही कंपनी स्थापन करून डिकॅफ कॉफी प्रथमच व्यापारी प्रमाणावर आणली, तेव्हा कॅफिन विरघळवण्यासाठी बेन्झिन वापरले जात असे. बेन्झिन कर्करोगकारक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि ते या उद्योगातून हद्दपार झाले. आज प्रचलित असलेल्या सर्व पद्धतींत न भाजलेल्या, हिरव्या बियांवरच प्रक्रिया होते. द्रावक पद्धतीत बिया वाफेने फुगवून डायक्लोरोमिथेन किंवा इथाइल अ‍ॅसिटेट या द्रवाने त्यांतील कॅफिन ओढून घेतले जाते आणि पुन्हा वाफ देऊन द्रावक घालवला जातो. डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, तर बिया नंतर २०० अंशांच्या आसपास भाजल्या जातात, त्यामुळे त्याचा अत्यल्प अंशच मागे राहू शकतो. भाजलेल्या कॉफीत तो किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा अशी अमेरिकेची आणि २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा अशी युरोपीय संघाची मर्यादा आहे. इथाइल अ‍ॅसिटेट पिकलेल्या फळांतही आढळते आणि कोलंबियात ते उसापासून तयार करतात, म्हणून अशा पाकिटावर ‘शुगरकेन डिकॅफ’ असे लिहिलेले असते.

ज्यांना द्रावकाचा अंशही नको असेल त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. स्विस वॉटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात चालणाऱ्या पद्धतीत कॉफीतील सर्व विद्राव्य घटकांनी आधीच संपृक्त, पण कॅफिनरहित असे पाणी वापरले जाते. संपृक्त पाण्यात बियांतील स्वादद्रव्ये उतरत नाहीत, कॅफिन मात्र उतरते, आणि ते पुढे कार्बनच्या गाळणीत अडकते. दुसऱ्या पद्धतीचा शोध जर्मनीतील म्युल्हाइम येथील माक्स प्लांक संस्थेतील कुर्ट झोसेल यांनी १९६० च्या दशकात लावला; तीत ३१ अंशांहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या ७३ पटींहून अधिक दाब देऊन कार्बन डायऑक्साइड अशा अवस्थेत नेला जातो की तो वायूसारखा बियांत शिरतो आणि द्रवासारखा कॅफिन विरघळवतो. पाण्याची पद्धत निवडणे ही रास्त आवड आहे, परंतु मर्यादेत राहून केलेल्या द्रावक पद्धतीच्या कॉफीला विष म्हणणे अन्यायाचे आहे.

यांपैकी कोणत्याही पद्धतीने कॅफिन पूर्ण शून्यावर येत नाही. युरोपीय नियमांनुसार भाजलेल्या डिकॅफ कॉफीत ०.१ टक्क्यापर्यंत आणि इन्स्टंट डिकॅफमध्ये ०.३ टक्क्यापर्यंत कॅफिन चालते, त्यामुळे एका कपात सामान्यतः काही मिलिग्रॅम कॅफिन उरते. बहुतेकांच्या झोपेला त्याने बाधा येत नाही, मात्र वैद्यांनी कॅफिन पूर्ण वर्ज्य केले असेल तर हा अंश त्यांच्या कानावर घालावा. आम्लपित्ताच्या रुग्णांनीही डिकॅफ म्हणजे आम्लरहित असे समजू नये, कारण जठरातील आम्लाला चालना देणारे इतर घटक तीत शिल्लक असतात. याच कारणाने डिकॅफमध्ये काहीच गुण उरत नाहीत हेही खरे नाही; २८ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात साध्या आणि डिकॅफ अशा दोन्ही कॉफींचा संबंध टाइप २ मधुमेहाच्या कमी धोक्याशी आढळला होता, अर्थात असा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

आता चवीचा प्रश्न. कॉफीच्या कडवटपणात कॅफिनचा वाटा लहान आहे, त्यामुळे ते गेल्याने कॉफी बेचव होण्याचे कारण नाही. डिकॅफची अपकीर्ती झाली ती हलक्या प्रतीच्या बिया या कामी वापरल्यामुळे आणि जुनी पूड विकल्यामुळे. प्रक्रियेत बिया तपकिरी आणि ठिसूळ होतात, म्हणून भाजणाऱ्याचा रंगाचा अंदाज चुकू शकतो, तेल लवकर पृष्ठभागावर येते आणि वास लवकर उडतो. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो; अशा हवेत उघडे पाकीट नेहमीच्या कॉफीपेक्षा लवकर शिळे होते, आणि रोज बाहेर काढली जाणारी बरणी फ्रिजमध्ये ठेवल्यास पुडीला ओल धरते. घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यात, शेगडीपासून दूर, तीन-चार आठवडे पुरेल एवढीच कॉफी ठेवणे हा यावरचा उपाय आहे.

पाण्याकडे तर बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. रायपूरच्या भूभागाखाली चुनखडकाचे थर आहेत, या पट्ट्यातील सिमेंटचे कारखाने त्यांवरच उभे आहेत, आणि म्हणून बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. अशा पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्ले मारते. डिकॅफची आंबट-गोड धार आधीच मवाळ असल्याने पेय सपक लागते आणि दोष डिकॅफला दिला जातो. केवळ आरओचे पाणी वापरल्यास क्षारांच्या अभावी चव पुन्हा पातळ होते, त्यामुळे आरओच्या पाण्यात थोडे नळाचे उकळलेले पाणी मिसळणे श्रेयस्कर. २५० मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम पूड घ्यावी, पाणी उकळी बसल्यावर ओतावे, आणि ठिसूळ बियांची फार बारीक पूड गाळणीत तुंबते म्हणून दळण किंचित जाडसर ठेवावे. फिल्टरच्या भांड्यात उतरलेले डिकॉक्शन दुधासोबत पुन्हा उकळू नये. गरम दूध वरून घालावे, आणि जायफळ आवडत असेल तर ते स्वादासाठी किसावे.

खरेदी करताना पाकिटावर कॅफिन काढण्याची पद्धत, बियांची जात, भाजल्याची तारीख आणि चिकोरीचे प्रमाण या चार गोष्टी वाचाव्यात. डिकॅफची किंमत जास्त असते, कारण बियांवर एक जादा प्रक्रिया झालेली असते. तेवढी किंमत मोजूनही ज्या पाकिटावर पद्धत आणि तारीख छापलेली नाही, ते दुकानातच राहू द्यावे.