तान्ह्यांचा श्वास: पस्तीस वर्षांचा मागोवा

तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया गावातच ओळखता येतो आणि गावातच बरा करता येतो, हे विदर्भाने जगाला दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये गडचिरोलीत गावच्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना श्वास मोजायला व प्रतिजैविक औषध द्यायला शिकवले. आकडे न येणाऱ्या दाईसाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची दांडी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: उपचार मिळालेल्या ५८ गावांत न्यूमोनियाचा बालमृत्युदर तुलनेच्या ४४ गावांपेक्षा निम्म्याहून कमी होता.

पण प्रतिजैविक मारते जिवाणूला, विषाणूला नाही. पेंटाव्हॅलंट आणि २०२१ पासून देशभर मिळणारी न्यूमोकोकल लस यांनी जिवाणूंची वाट बरीच अडवली. आरएसव्ही हा विषाणू मात्र मोकळाच राहिला. २०१९ मध्ये त्याने जगात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके नेली. त्यांतली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्याही आतली होती आणि बहुतेक सगळी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. २०१६ पासून डॉ. आशिष सातव आणि सहकाऱ्यांनी मेळघाटातल्या ९३ गावांत घरोघर शोध घेतला, तेव्हा आरएसव्हीचे बळी रुग्णालयाबाहेरही जात असल्याचे दिसले. म्हणजे केवळ दवाखान्याच्या नोंदींवर विसंबले, तर या आजाराचा खरा आकार कळतच नाही.

हाच धडा झरी जामणीला लागू पडतो. तेलंगणाच्या सीमेवरच्या या तालुक्यात कोलाम आदिवासींची पोडे, म्हणजे वस्त्या, विखुरलेली आहेत. धाप लागलेले, बरगड्या आत ओढणारे बाळ भर पावसात पोडावरून ऑक्सिजनपर्यंत नेण्यात जाणारा वेळच जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे इथे उपचाराआधी प्रतिबंध पोहोचला पाहिजे. आधी कुपोषण आणि चुलीचा धूर हटवा, असे काही जण म्हणतील. ते हटवायलाच हवेत; पण त्याला वर्षे लागतील आणि यंदा जन्मलेले बाळ तोवर थांबू शकत नाही. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९८ पासूनचे पॅलिविझुमॅब हे आरएसव्हीविरोधी प्रतिपिंडाचे इंजेक्शन दर महिन्याला टोचावे लागे आणि इतके महाग होते, की गरीब देशांना त्याचा उपयोग झालाच नाही. आता मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला द्यायची लस आहे आणि बाळाला एकदाच टोचायचे निरसेव्हिमॅब हे प्रतिपिंड आहे. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना यांपैकी एक मार्ग निवडण्याची शिफारस केली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात अजून दोन्ही नाहीत. सर्वांना एकदम देणे परवडत नसेल, तर सुरुवात अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांपासून करावी. त्यांना शोधण्याची यंत्रणा तयारच आहे: आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन घेतातच.

केंद्र आणि राज्य सरकारने निरसेव्हिमॅब आणायचे ठरवावे आणि त्याची पहिली खेप महानगरांऐवजी मेळघाट, गडचिरोली आणि झरी जामणीला पाठवावी.