दोन फोटोंमधलं अंतर

टाइमलॅप्समध्ये फोटो कॅमेराच काढत असतो. आपण ठरवायचं ते एवढंच, की दोन फोटोंमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा. पडद्यावर सेकंदाला २५ फोटो सरकतात, म्हणजे दहा सेकंदांच्या दृश्याला २५० लागतात. ते आठ मिनिटांत काढायचे की आठ तासांत, यावर सगळं दृश्य ठरतं. वाहत्या रस्त्याला दोन सेकंदांचं अंतर पुरतं, ढगांना तीन ते पाच, टॉवरच्या सावलीला अर्धा मिनिट. माहीमच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी उतरायला साधारण सहा तास लागतात. मिनिटाला एक फोटो धरला तर ती सगळी ओहोटी चौदा सेकंदांत मावते. शहराची धावपळ दाखवायला हे तंत्र सगळेच वापरतात. माझं मन मात्र रमतं ते अशा संथ गोष्टींत, ज्या नुसत्या डोळ्यांना हलताना दिसतच नाहीत.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. १९१२मध्ये लंडनहून परतलेल्या दादासाहेब फाळक्यांना चित्रपटासाठी भांडवल हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि त्याच्या वाढीचं रोज थोडंथोडं चित्रण केलं. तो छोटा चित्रपट म्हणजे ‘अंकुराची वाढ’. तो पाहून पैसे उभे राहिले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या सिनेमाचं पहिलं भांडवल टाइमलॅप्सने मिळवून दिलं, हे सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

खरा कस लागतो तो दिवसाची रात्र होताना. मरीन ड्राइव्हवर चर्चगेटसमोर कॅमेरा लावायचा तर थंडीत. तेव्हा सूर्य थेट समुद्रात बुडतो, उन्हाळ्यात तो मलबार हिलच्या आड जातो. फोकस हाताने लावून रिंगवर चिकटपट्टी मारायची, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का करायचा, ऑटो काहीच ठेवायचं नाही. कॅमेरा फोटोगणिक आपलं आपण ठरवू लागला की दृश्य लुकलुकतं. सूर्य वर असताना शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरतं उघडतं. आभाळ गर्द निळं झालं की तेच दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं. हा सगळा बदल एकेका टप्प्याने करायचा, आणि तोही ट्रायपॉड तसूभर न हलवता. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर चिकट थर धरतो, तो दोन फोटोंच्या मधल्या तीन सेकंदांत पुसून घ्यायचा. मग दिव्यांची माळ उजळते. २०१५च्या सुमारास तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकरांनी आवाज उठवला आणि पिवळसर उजेड परत आला. त्या मधल्या काळातल्या फ्रेम पाहिल्या की शहराचा नूरच वेगळा दिसतो.

हायपरलॅप्समध्ये कॅमेराही चालतो. सीएसएमटीसमोर फुटपाथच्या फरश्या हीच मोजपट्टी. एक फरशी पुढे सरकायचं, ट्रायपॉड टेकवायचा, पाणसळ पाहायची, घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा कॅमेऱ्यातल्या आडव्या-उभ्या रेषांच्या छेदावर अचूक आणायचा आणि बटण दाबायचं. पुन्हा एक फरशी. पुतळा केसभर जरी सरकला तरी पडद्यावर अख्खी इमारत हिसके खाते. हे चालू असताना कोणीतरी विचारतं, ‘‘दादा, सिरियलचं शूटिंग आहे का?’’ त्याला नीट उत्तर द्यावं. परवानगीचा कागद वरच्या खिशात असावा, कारण ट्रायपॉड उभा राहिला की हवालदार येणारच.

पोट भरतं ते बांधकामांवर. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीच्या सेक्रेटरीची संमती घेऊन, पाणी न शिरणाऱ्या पेटीत कॅमेरा बसवायचा, वर सोलर पॅनल. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो, दोन-तीन वर्षं. शेवटी बिल्डरला दोन मिनिटांची फिल्म मिळते. काम प्रामाणिक आहे आणि मला आवडतंही. पण त्यात एक मोठी उणीव राहते. पैसे देणारा पाया खणायच्या दिवशी बोलावतो. तोवर तिथली चाळ पडलेली असते. गॅलरीत वाळणारे कपडे, नळावरची रांग, गणपतीचा मांडव यातलं काहीच त्या फिल्ममध्ये नसतं. वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. आता त्यांच्या जागी टॉवर येऊ लागले आहेत. उभं राहणाऱ्याचा हिशेब ठेवायला माणूस नेमतात, जाणाऱ्याचा कोणी ठेवत नाही.

म्हणून तुमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, तर आजच सुरुवात करा. मोबाइल चालेल. खिडकीच्या चौकटीवर पेनाने खूण करा आणि मोबाइल रोज तिथेच टेकवा. वेळ तीच ठेवा, झूम करू नका, फिल्टर लावू नका, मूळ फोटो तारखेसह दोन ठिकाणी जपा. रोज एक फोटो धरला तर वर्षभराचे पंधरा सेकंदही होत नाहीत, पण तुमच्या गल्लीचे तेवढे सेकंद दुसऱ्या कोणाकडेही नसतील.